बावीसशे

बायकोने भरलेली पिशवी दोन्ही हातांनी उचलली, खिडकीच्या गजाला टांगलेल्या स्प्रिंगच्या काट्याला अडकवली आणि एक पाऊल मागे सरली.

"किती?" खुर्चीतून निरीक्षकांनी विचारलं.

"बावीसशे."

"पिशवीचं वजन वजा करून?"

"वजा करून. रोज रोज काय विचारायचं तेच?"

"बावीसशे म्हणजे बरोब्बर बावीसशे, की आसपास?"

"बावीसशे," ती मास्कच्या आतून म्हणाली. वहीत आकडा लिहून तिने पेन टेबलावर जरा जोरातच ठेवलं.

निरीक्षकांनी सदरा खाली ओढला. पोटातून बाहेर आलेल्या नळीला टोपण बसलं होतं. आत नवं पाणी गेलं होतं. साखरेचं आणि क्षारांचं दोन लिटर पाणी. ते चार-पाच तास पोटात राहायचं, रक्तातली घाण आणि अंगातलं जादा पाणी ओढून घ्यायचं आणि मग पुन्हा नळीवाटे पिशवीत उतरायचं. दिवसातून चार वेळा, दोन वर्षं झाली. मूत्रपिंडं गेली तरी माणूस अशा रीतीने स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत जगू शकतो, याचं त्यांना पहिले सहा महिने फार अप्रूप होतं. आत दोन हजार, बाहेर बावीसशे. वरचे दोनशे म्हणजे अंगातलं उपरं पाणी. इतका चोख व्यवहार त्यांनी बाजारातही क्वचितच पाहिला होता.

बाजार त्यांनी बत्तीस वर्षं पाहिला होता, वजनमापे खात्याचा निरीक्षक म्हणून. दुकानदारांनी त्यांचं नाव 'तोळामासा' ठेवलं होतं. एकदा पाच ग्रॅमच्या फरकापायी त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचा तराजू जप्त केला, आणि मेव्हणा पुढे दोन वर्षं घराची पायरी चढला नाही. आता निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती, आणि प्रकृतीच तोळामासा झाली होती. साखरेने आधी मूत्रपिंडं खाल्ली, मग डोळे. समोरचा काटा त्यांना आता भिंतीवरच्या ओल्या डागासारखा दिसे. सकाळी ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसत, कारण नेहमी बसत आले होते. बातम्या रेडिओवर ऐकलेल्या असत. डोळ्यांची खरी अवस्था फक्त बायकोला ठाऊक होती. पाणी बदलताना दार बंद, पंखा बंद, तिसरं माणूस आत नको, असा दवाखान्याचा दंडकच होता. त्या बंद दाराआड काटा कोण वाचतं, हे मुलाने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

दार उघडलं. मुलगा बाहेर वजनाचं यंत्र घेऊन उभाच होता.

"या, उभे राहा."

निरीक्षक भिंतीला धरून यंत्रावर चढले. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली.

"चौसष्ट दोनशे," मुलगा म्हणाला. "काल त्रेसष्ट नऊशे होतं. पंधरा दिवसांत चार किलो, बाबा."

"मग?"

"मग काय? पाणी पिताय तुम्ही."

"सातशे मिली. तूच बाटलीवर पट्टी लावली आहेस ना? बघ की."

"बाटलीतलं सातशेच जातं. घरात काय एक बाटलीच आहे का?"

"म्हणजे मी चोरून पितो."

"तसं कुठं म्हटलं मी?"

"दुसरं काय म्हटलंस?"

मुलगा यंत्र उचलून आत घेऊन गेला. निरीक्षक दाराला टेकून श्वास जुळवत राहिले. त्यांना वाटलं, चोर असतो तर बरं झालं असतं. निदान तहान तरी भागली असती.

*

आठवड्यापूर्वी दवाखान्यातही हेच झालं होतं. सिस्टरने वही उघडली आणि पानं भराभर उलटली.

"बावीसशे, एकवीसशे पन्नास, बावीसशे... काका, निचरा तर फर्स्ट क्लास आहे. पोट आपलं काम करतंय."

"तेच म्हणतोय मी."

"मग वजन का वाढतंय? कुठंतरी पाणी मुरतंय, काका." आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली. "नळाला तोंड लावता का? खरं सांगा. मी ओरडणार नाही."

"मी नळाला तोंड लावत नाही."

"सगळे पेशंट हेच सांगतात. मागच्या महिन्यात एक आजी फुलदाणीतलं पाणी प्यायल्या."

"माझे पाय बघा. सूज आहे का? पाणी प्यालो असतो तर ते पायात उतरलं नसतं का?"

"उतरेल, उतरेल. घाई काय आहे?"

तिने डॉक्टरांना फोन लावला आणि जास्त साखरेच्या पिशव्या लिहून दिल्या. त्या जास्त पाणी ओढतील, वजन उतरेल, असं तिचं म्हणणं. वजन उतरलं नाही. रक्तातली साखर मात्र चढली आणि तिच्यामागोमाग तहान. जिभेला वाळूचा कागद घासल्यासारखं होऊ लागलं. ते ओठांवरून जीभ फिरवत, आणि ते दिसलं की मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राही. रात्री आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटे. एक उशी होती त्याच्या तीन झाल्या. कोरडा खोकला सुरू झाला. "पाणी चढलंय," मुलगा म्हणाला, आणि न्हाणीघरातला तांब्या उचलून त्याने माळ्यावर टाकला.

तेव्हा निरीक्षकांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी मुलाला औषधाचं मापाचं भांडं आणायला लावलं.

"किती आहे त्यात?"

"चाळीस मिली. बाबा, हे काय चाललंय?"

त्यांनी ते पाणी तोंडात घेतलं, खळखळून गुळणी केली आणि पुन्हा त्याच भांड्यात टाकली. "आता बघ."

"बाबा, किळसवाणं आहे हे."

"किळस नंतर कर. आकडा सांग."

"बेचाळीस."

"बघ. दोन मिली उलट वाढलंच. उद्यापासून प्रत्येक गुळणी तुझ्यासमोर. पंचनामा कर, सही कर."

मुलाने भांडं मोरीत ओतलं. "मला ऑफिसला उशीर होतोय," तो थकल्या आवाजात म्हणाला. तो आवाज निरीक्षकांना शिव्यांपेक्षा जास्त लागला. बाजारात त्यांना लाच देऊ केली होती, धमक्या दिल्या होत्या, एकदा त्यांच्यावर कांद्याची टोपली फेकली होती. पण तोळामासा खोटं बोलतो, असं कुणी म्हणालं नव्हतं.

बायको पलंगावर बसून धुतलेले टॉवेल घडी करत होती.

"तू तरी सांग त्याला," ते म्हणाले. "दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर तू असतेस."

टॉवेलची एक घडी झाली. दुसरी झाली.

"मी काय सांगू?"

"जे आहे ते सांग. तू मला पाणी पिताना पाहिलंस का?"

"नाही पाहिलं."

"मग तेवढंच सांग की!"

"दूध उतू जाईल," ती म्हणाली आणि उठून गेली. टॉवेल तिथेच राहिले. निरीक्षकांनी चाचपडत त्यांतला एक उचलला, उलगडला आणि तसाच मांडीवर ठेवून बसून राहिले. दूध सकाळीच तापवून झालं होतं. म्हणजे हिलाही संशय होता. पाहिलं नाही, पण पीत नसतील असंही तिला म्हणवत नव्हतं.

त्यांनी पुन्हा मनाशी मांडणी केली. आत आठ हजार, बाहेर आठ हजार आठशे. पिणं सातशे. अन्नातलं पाणी, घाम, श्वास, सगळं इकडून तिकडे करून पाहिलं. वजन उतरायला हवं होतं, निदान जागच्या जागी राहायला हवं होतं. ते वाढत होतं. माप खोटं असलं की ते त्यांना नेहमी हाताला कळायचं. इथे हात लावायला काही नव्हतं. खोटं कुठेतरी होतं, आणि सगळ्या घराचं बोट त्यांच्याकडे होतं.

*

शुक्रवारी सकाळी नवं पाणी पोटात उतरत असतानाच त्यांचा श्वास अडकला. बायकोने नळीची चिमटी बंद केली आणि दाराची कडी काढून मुलाला हाक मारली. अर्ध्या तासात ते दवाखान्यात होते, आणि दुपारपर्यंत त्यांच्या छातीचा फोटो निघून, उजव्या बरगड्यांमध्ये सुई जाऊन, दीड लिटर पाणी बाहेर आलं होतं. श्वास असा मोकळा झाला की त्यांना एकदम रडू येईल की काय, असं वाटलं. त्यांनी खोकून वेळ मारून नेली.

संध्याकाळच्या सुमारास डॉक्टरीणबाई आल्या. आवाजावरून तरुण असाव्यात. त्या खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या, हे निरीक्षकांना आवडलं. बायको पायांशी स्टुलावर होती, मुलगा खिडकीपाशी.

"काका, छातीतून काढलेल्या पाण्यातली साखर आम्ही तपासली. तुमच्या रक्तातल्या साखरेच्या तिप्पट आहे. फुप्फुसाच्या बाहेर इतकी साखर दुसरीकडून येऊच शकत नाही. हे तुमच्या पिशवीतलंच पाणी आहे."

"पिशवीतलं? छातीत कसं?"

"पोट आणि छाती यांच्यामध्ये एक स्नायूचा पडदा असतो. काहींच्या पडद्यात बारीक छिद्र असतं, जन्मापासून. एरवी त्याचा काही त्रास नाही. पण पोटात दिवसरात्र दोन-दोन लिटर पाणी राहिलं की दाबाने ते त्यातून वर झिरपायला लागतं. शंभरात एखाद्याला होतं. यात जंतू नाहीत, हात नीट न धुण्याचा प्रश्न नाही."

निरीक्षक उशीवरून थोडे वर सरकले. "म्हणजे मी पाणी पीत नव्हतो."

"नाही. तुम्ही पीत नव्हतात."

"हे जरा मोठ्याने सांगाल का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. निरीक्षकांनी खिडकीकडे तोंड वळवलं. उजेडात मुलाची नुसती काळी आकृती दिसत होती.

"ऐकलंस?"

"ऐकलं, बाबा." मुलगा जवळ आला. त्याने त्यांच्या पायावरची चादर उगाचच सारखी केली. "चुकलं माझं."

पंधरा दिवसांनी पहिल्यांदा त्यांना तहान लागली नव्हती. तो क्षण त्यांनी जरा लांबवला असता, पण डॉक्टरीणबाईंच्या हातात वही फडफडली.

"मला एकच गोष्ट कळत नाहीये. पाणी वर गळत होतं, तर खाली पिशवीत ते कमी यायला हवं. सतराशे, अठराशे, असं. आमची पहिली शंका त्यावरूनच येते. या वहीत तीन आठवडे रोज बावीसशे आहे. त्यामुळे आम्हाला वाटलं, तुम्ही वरून पिताय. म्हणून जास्त साखरेच्या पिशव्या दिल्या, आणि त्यांनी गळती आणखी वाढवली." त्या थांबल्या. "हे आकडे खरे असूच शकत नाहीत. घरी काटा कोण वाचतं?"

बाहेर कुणीतरी चाकाची खाट ढकलत नेत होतं.

निरीक्षकांनी पायांकडे पाहिलं. स्टुलावर बायकोचा करडा आकार होता, चेहरा नव्हता. दुकानात शिरल्यावर ते आपलं प्रमाणित वजन पारड्यात ठेवत आणि मग तराजूकडे बघतच नसत. ते दुकानदाराकडे बघत. ज्याचं माप खरं असे तो काट्याकडे बघे. ज्याचं खोटं, तो त्यांच्याकडे. आता कोण कुठे बघतंय ते त्यांना दिसत नव्हतं. फक्त तिच्या पर्सचं बटण उघडल्याचा टक असा आवाज आला, मग मिटल्याचा. मग पुन्हा उघडल्याचा.

"मी वाचतो," निरीक्षक म्हणाले. "ही लिहून घेते."

"तुम्हाला दिसतं का नीट?"

"नाही."

"मग?"

"अंदाजाने सांगायचो."

बत्तीस वर्षांत हा शब्द ज्याच्या तोंडून निघाला, त्याचा तराजू त्यांनी जप्त केला होता. तो उच्चारताना त्यांची जीभ पुन्हा कोरडी पडली.

"अंदाजाने?" मुलगा म्हणाला. "बाबा, तुम्ही? अहो, आई समोर होती ना? तिला वाचायला सांगायचं!"

"नाही सांगितलं."

"का पण?"

"माझा काटा मी वाचतो."

"हा हट्ट कुठे घेऊन आला बघा! आम्ही वेड्यासारखे तांबे लपवतोय, आणि तुम्ही..." मुलाने वाक्य सोडून दिलं. मघाशी सारखी केलेली चादर त्याच्या हाताने पुन्हा चुरगळली होती.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. त्यांचा सूर आता शाळेतल्यासारखा झाला. "काका, तीन आठवडे आधी कळलं असतं, तर दर वेळी पोटात थोडंच पाणी घालून, आडवं न होता बसून राहून, भागलं असतं कदाचित. आता पोटाला पूर्ण विश्रांती द्यावी लागेल. दोन महिने आठवड्यातून तीनदा इथे येऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. छिद्र बुजलं तर पुन्हा घरी सुरू करू. नाही बुजलं तर कायमचं मशीन. मी आत्ता काही कबूल करत नाही."

"कळलं," निरीक्षक म्हणाले. त्यांना आपली खुर्ची आठवली, बंद पंख्याखालची.

डॉक्टरीणबाई मुलाला कागदांवर सह्या करायला घेऊन गेल्या.

*

बायको बराच वेळ स्टुलावरच होती. मग स्टूल फरशीवरून घासत उशापर्यंत आलं.

"कशाला सांगितलंत तसं?"

"कसं?"

"उगाच आणखी बोलून घेतलंत त्याच्याकडून."

"सवय झालीय."

तिच्या हाताला अजून घरच्या स्पिरिटचा वास येत होता. मग ती बोलायला लागली ती एकदम, खालच्या आवाजात, कुणी मध्ये अडवेल की काय अशा घाईने. "तीन आठवड्यांपूर्वी एक दिवस सतराशे पन्नास आलं होतं. मी खरं तेच सांगितलं होतं. आठवतंय? तुम्ही काटा खोलून बसलात. त्या पिशवीवाल्या कंपनीला फोन करून नाही नाही ते बोललात. जेवला नाहीत. पोट दाबून दाबून लाल केलंत, निघतंय का बघायला. संध्याकाळी म्हणालात, आता हेही बंद पडलं, माझं संपलं." तिने नाक ओढलं. "दुसऱ्या दिवशी अठराशे आलं. म्हटलं, आजचा दिवस बरा जाऊ दे यांचा. उद्या सांगू. बावीसशे म्हटलं की तुम्ही नीट जेवायचात हो."

"सतराशे पन्नास वहीत आहे?"

"पान फाडलं."

निरीक्षकांनी मान हलवली, एखाद्या कामाच्या नोंदीला हलवावी तशी. आकड्यांचं त्यांना मघाशी पर्सच्या आवाजावरूनच कळलं होतं. ते त्यांनी मनातून जवळजवळ काढूनही टाकलं होतं. पण दुसरं काहीतरी आत टोचत होतं, आणि ते सुईचं नव्हतं.

"म्हणजे मी पाणी पीत नव्हतो, हे तुला ठाऊक होतं."

पर्सचं बटण पुन्हा टक वाजलं.

"सगळ्या घरात एकट्या तुलाच ठाऊक होतं."

"होतं."

"तांब्या माळ्यावर गेला तेव्हाही."

"तेव्हा मी बोलले असते," ती म्हणाली, "तर पिशवीत किती येतंय तेही सांगावं लागलं असतं. आणि मग तुम्ही..." ते वाक्य तिथेच राहिलं.

तिचा हात चादरीवर त्यांच्या हाताशेजारी होता. त्यांनी आपला हात उचलून छातीवरच्या चिकटपट्टीवर नेला. तिथे काही दुखत नव्हतं. बोटांनी पट्टीची कड चाचपत ते पडून राहिले. छातीत श्वास सहज येत होता, जात होता, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना कुणावर ओरडायचं ते कळत नव्हतं. ती उठून गेली नाही. दूध उतू जात नव्हतं.

मुलगा कागदांचं भेंडोळं घेऊन परत आला, तेव्हा तो अजून धुमसतच होता.

"सोमवारी पहिलं मशीन. सकाळी आठला. आणि आई, एक आत्ताच सांगून ठेवतो. घरी परत सुरू झालं, तर यांना काट्याजवळ फिरकू द्यायचं नाही. तू वाचायचंस."

"नको," बायको एकदम म्हणाली. "मला नको. तूच वाच."

"मी ऑफिसात असतो की, आई! चार वेळा कसा येऊ?"

"मग दुसरं कुणी ठेवू. मला नाही जमायचं ते."

"आकडा वाचायला काय जमायचंय त्यात?"

निरीक्षकांनी छातीवरचा हात खाली घेतला.

"तीच वाचेल," ते म्हणाले.

"आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही. ती सांगेल तो आकडा, बस्स. वाद नाही, फोन नाहीत, काटा खोलणं नाही."

"नाही बोलणार."

"कितीही आला तरी?"

मुलगा पलंगाच्या त्या बाजूला उभा होता. निरीक्षकांनी तोंड या बाजूला वळवलं, जिथे तो करडा आकार श्वास धरून बसला होता.

"कितीही आला तरी," ते म्हणाले.